पोरगं बर्लिनला, पहिला आठवडा बीडला

बीड जिल्ह्यात घर सोडून जाणं ही बातमी नसते. डॉक्टर व्हायचं तर लातूर, साहेब व्हायचं तर पुणे आणि चूल पेटती ठेवायची तर दसरा सरता सरता ऊसतोडीला कारखाना, मग तो सांगलीकडचा असो नाहीतर पार कर्नाटकातला. जिल्ह्यातली लाखो माणसं दरवर्षी घराला कुलूप लावून सहा-सहा महिने बाहेर असतात. त्यामुळे ‘कुठं गेलाय?’ हा प्रश्न आमच्याकडे रामरामाच्या जागी विचारतात. उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही.

तरीही आमच्या गल्लीतल्या गुरुजींचं पोरगं 2025 च्या ऑक्टोबरात एम. एस. करायला बर्लिनला निघालं, तेव्हा लोक थांबले. याआधी गल्लीतला एकजण डॉक्टरकी शिकायला जॉर्जियाला गेला होता, पण जॉर्जिया हे अर्ध्या गल्लीला एखाद्या दवाखान्याचं नाव वाटलं आणि विषय तिथंच संपला. जर्मनीचं तसं नाही. जर्मनी सगळ्यांच्या ओळखीची. दहावीच्या इतिहासात हिटलर वाचलेला, पुढाऱ्याच्या लग्नात मर्सिडीज पाहिलेली. एवढ्या भांडवलावर जो तो सल्ला द्यायला मोकळा.

परदेशातला पहिला आठवडा एकट्या विद्यार्थ्याचा असतो, ही शहरातल्या लोकांची समजूत आहे. आमच्याकडे पोरगं तिकडे वर्गात बसतं आणि इकडे अख्खी गल्ली त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसते. त्या आठवड्यात बर्लिनमध्ये जे घडलं ते पोराने एकट्याने सोसलं; बीडमध्ये जे घडलं त्याला मात्र बरेच साक्षीदार आहेत, त्यातला मी एक.

आधी पैशाचं सांगतो, कारण आमच्याकडे परदेश सुरू होतो तो बँकेच्या पायरीपासून. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत, हे कळल्यावर गुरुजींनी पेढे वाटले. पेढे संपायच्या आत दुसरी माहिती आली. पोरगं तिथं उपाशी राहणार नाही याची हमी म्हणून 11,904 युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, आधीच एका खात्यात भरून ठेवायचे. पैसे पोराचे, खातं पोराचं, पण महिन्याला 992 युरोच्या वर काढायचे नाहीत. गुरुजींना ही पद्धत इतकी पटली, की असंच एक खातं आपल्या मेव्हण्याच्या नावाने उघडता येईल का, याची त्यांनी खाली आवाजात चौकशी केली.

बँकेच्या साहेबांनी विचारलं, तारण काय देता? गुरुजींनी छाती पुढे काढून सातबारा टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, शेतजमीन चालत नाही. कर्ज थकलं तर बँकेला तारण ताब्यात घेता यावं म्हणून 2002 साली कायदा झाला, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. प्लॉट आहे का एखादा? एन. ए. झालेला? ‘जमीन आहे तोवर इज्जत आहे’ हे गुरुजी लहानपणापासून ऐकत आलेले. बँकेच्या लेखी त्या बारमाही पाण्याच्या काळ्या रानाहून बार्शी नाक्यापुढचा, गाजरगवत माजलेला रिकामा तुकडा जास्त इज्जतदार निघाला.

या धांदलीत एकटे शांत होते ते आबा, पोराचे आजोबा. मूळ गाव शिरूर कासार तालुक्यात. उमेदीची सगळी वर्षं हातात कोयता. कर्जाची सगळी हकिगत त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, “म्हंजी उचल घेतली म्हना की.”

गुरुजी चिडले. शैक्षणिक कर्ज आणि मुकादमाची उचल यांत काय फरक असतो ते त्यांनी फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं. आबा ऐकत राहिले. मग विचारलं, “आधी पैसं घ्यायचं, मग काम करून फेडायचं?”

“हो.”

“मधी गावाकडं यावं वाटलं तर?”

“येता येतं ना. पण तिकीट परवडत नाही.”

“तेच म्हनलं मी,” आबा म्हणाले आणि पान लावायला बसले. कागदपत्रं करून देणारा पुण्यातला सल्लागार हा त्यांच्या हिशोबात मुकादम ठरला, भाड्याची खोली म्हणजे तळावरची कोपी ठरली आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे जरा लांबलेला हंगाम. गल्लीने हे हसण्यावारी नेलं. पुढचे पंधरा दिवस पाहता आबांचं गणित कुठंच चुकलं नाही.

निरोपसमारंभ रीतीप्रमाणे झाला. चौकात फ्लेक्स लागला. मध्यभागी पोरगं, वर एका बाजूने मंत्री, दुसऱ्या बाजूने माजी मंत्री, खाली सतरा शुभेच्छुक. त्यातल्या काहींना ते पोरगं कुणाचं हे फ्लेक्स लागल्यावर कळलं. कोपऱ्यात जर्मनीचा झेंडाही होता. फक्त काळा, पिवळा, लाल हे पट्टे उभे छापले होते, म्हणजे तो बेल्जियमचा होता. ही गोष्ट एका सातवीतल्या मुलीच्या ध्यानात आली, तेव्हा शुभेच्छुकांपैकी एकाने तिला सांगितलं, “वाऱ्यानं फिरलाय तो.”

मग बॅग. विमान कंपनीने 23 किलोची मर्यादा घातली होती आणि आजीला ती मान्य नव्हती. शेंगदाण्याची चटणी, येसर, काळा मसाला, कुरडया, ज्वारीचं पीठ, वर एक छोटा तवा. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ न्यायला बंदी आहे, हे पोराने वाचून दाखवलं. आजीने विचारलं, “तुपाला दुभतं कोन म्हनतंय?” हा प्रश्न युरोपियन संघापुढे कुणी मांडलेला दिसत नाही. शेवटी बरणी घरीच राहिली. त्याऐवजी आजीने पोराच्या पोटात जितकं तूप मावेल तितकं निघायच्या आदल्या रात्री घातलं आणि ते कुठल्याही तपासणीत सापडलं नाही.

शिक्षण सुरू झालं ते ऑक्टोबरच्या मध्यात, एका सोमवारी. पहिलं व्याख्यान दहाला. आपल्याकडचं घड्याळ तेव्हा बर्लिनच्या साडेतीन तास पुढे होतं, म्हणून इकडे बरोबर दीड वाजता आईने देवापुढे दिवा लावला, गुरुजींनी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून हात जोडले. तिकडे पोरगं पावणेदहापासून एका मोठ्या दालनात एकटं बसलेलं. दहा वाजले तरी चिटपाखरू नाही. आपण इमारत चुकलो, दिवस चुकला, की देशच चुकला, अशी त्याची घालमेल सुरू झाली. दहा वाजून बारा मिनिटांनी पोरं-पोरी आरामात आत आल्या आणि सव्वादहाला प्राध्यापकांनी बोलायला सुरुवात केली.

तिथल्या विद्यापीठांची ही जुनी रीत आहे. वेळापत्रकात दहा छापलं की सव्वादहा समजायचं. खरोखरच दहाला हजर व्हायचं असेल, तर तशी खूण वेगळी छापतात. संध्याकाळी पोराने हे सांगितलं, तेव्हा गल्लीचा ऊर भरून आला. आमच्याकडे लग्नपत्रिकेत 12 वाजून 35 मिनिटांचा मुहूर्त छापतात आणि नवरदेव पारावरून दोन वाजता हलतो. जर्मनीही आपल्यातलीच निघाली म्हणायची. पण पोराने पुढची गोष्ट सांगितली आणि आनंद ओसरला. सव्वादहा म्हणजे सव्वादहा. दहा सोळाला आत येणाऱ्याकडे सगळं दालन वळून बघतं. जर्मन माणूस उशीर करतो, पण तोही वेळेवर.

व्याख्यान संपलं आणि सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. पोरगं हादरलं. बीडच्या कॉलेजात बाक वाजला म्हणजे पुढे प्राचार्यांच्या केबिनसमोर रांग ठरलेली. तिथं प्राध्यापकांनी मान लववून आभार मानले. शिकवणं आवडलं, धन्यवाद, असं सांगायची ती पद्धत. गुरुजींनी यावर बराच विचार केला. नोकरीच्या सव्वीस वर्षांत आपल्या वर्गात बाक अनेकदा वाजला. तो शिकवणं आवडलं म्हणून वाजत होता की काय, हा नवा संशय त्यांना आता निवृत्तीपर्यंत पुरेल.

पण गुरुजींना खरा धक्का पुढे होता. व्याख्यानाला हजेरी घेत नाहीत.

“घेत नाहीत म्हणजे? मस्टर?”

“नाही.”

“पंच्याहत्तर टक्के?”

“नाही.”

“मग पोरं येतात कशाला?”

या प्रश्नावर बर्लिनहून बराच वेळ आवाज आला नाही. नेटवर्क गेलं होतं की पोरगं विचारात पडलं होतं, ते समजलं नाही. आबांना मात्र हे अजिबात रुचलं नाही. फडावर एक खाडा पडला तर पैसे कापतात. इथं खाडा कुणी लिहूनच ठेवत नाही म्हटल्यावर हंगामाचा हिशोब लागणार कसा? पोराने सांगितलं, आबा, सगळा हिशोब शेवटच्या परीक्षेत एकदम लागतो. “म्हंजी पट्टा पडल्यावर,” आबा म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, कुणाकुणाच्या अंगावर किती फिरतं, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक?

बुधवारी नोकरीचा पहिला दिवस. तिथं शिकता शिकता कंपनीत काम करायची सोय असते. अभ्यासक्रम चालू असताना आठवड्याला वीस तास ही त्याची ठरलेली मर्यादा. पोराने बीडमधूनच अर्ज, मुलाखत सगळं उरकून ठेवलं होतं, त्यामुळे वर्ग आणि काम एकाच आठवड्यात गळ्यात पडलं. “किती वाजता निघायचं कामाला?” आबांनी विचारलं. नऊला पोचायचं, असं पोरगं म्हणालं. “दिस माथ्यावर आल्यावर?” ज्या माणसाने आयुष्यभर पहाटे तीनला फडात पाय ठेवला, त्याला नऊ वाजता सुरू होणारं ते काम आहे की पाहुणचार, हे कळेना.

कचेरीत एवढी शांतता, की पोराने पहिल्या तासात खोकलासुद्धा आवरून धरला. टेबलावर लॅपटॉप, शेजारी किल्ली, वर छापील कागद: कोणत्या दिवशी कुणाला भेटायचं, काय शिकायचं, कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात टाकायचा. चहा आणणारा पोऱ्या नाही. साहेब स्वतः उठून कॉफी घेतात आणि कप स्वतः विसळतात. घरच्यांनी हा भाग पुन्हा सांगायला लावला. आईने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी छताकडे पाहिलं.

साहेबांना सर म्हणायचं नाही, नुसती नावाने हाक मारायची, असं पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. पोराची जीभ वळेना. बीडमध्ये तलाठ्याच्या शिपायालाही साहेब म्हणत वाढलेला जीव. समोर पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस आणि त्याला काय नावाने हाक मारायची? तीन दिवस त्याने हाक न मारताच काढले. काही विचारायचं असलं की समोर जाऊन उभं राहायचं आणि साहेबांनी वर बघेपर्यंत थांबायचं. साहेब बघायचे, दचकायचे. आजीने यावर तोड काढली. “नावानं नको रं लेकरा. वंगाळ दिसतंय. निदान भाऊ तरी म्हन.”

संध्याकाळचा घोळ त्याहून मोठा. वीस तासांच्या हिशोबात त्या दिवशीचं काम चारला संपलं होतं. पण साहेब अजून बसलेत म्हटल्यावर पोरगं उठेना. सहा वाजता साहेबांनी काळजीने येऊन विचारलं, काही अडलंय का? ते बिचारे, हा एकटा बसलाय म्हणून घरी जात नव्हते. आपल्याकडे साहेबांच्या नंतर उठणारा तो निष्ठावान. तिथं जास्तीचे दोन तास बसला तर नियमाचा प्रश्न उभा राहतो. निष्ठेची एवढी गैरसोय पोराने कधी पाहिली नव्हती.

कामाला पैसे मिळतात हे कळल्याबरोबर इकडे गल्लीत गुणाकार सुरू झाले. 2025 साली जर्मनीत तासाला कमीत कमी 12.82 युरो द्यावे लागत. किराणा दुकानदाराने पुड्याच्या कागदावर मांडलं: गुणिले वीस तास, गुणिले चार आठवडे, गुणिले शंभराच्या वरचा भाव. उत्तर लाखाच्या घरात गेलं. तो कागद संध्याकाळपर्यंत गल्लीत हातोहात फिरला आणि पोरगं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लखपती झालं. तिकडे पोरगंही गुणाकारच करत होतं, पण खर्चाच्या बाजूने. तीन युरोची कॉफी म्हणजे तीनशे रुपये. बीडच्या स्टँडवर तेवढ्यात दोन टेबलं चहा प्यायली असती. खोलीचं भाडं, सक्तीचा आरोग्य विमा, तिकडे जमलेलं इकडे वजा. मिळकतीचं पाठांतर गल्लीला आणि वजाबाकी पोराला, अशी कामाची वाटणी परस्पर होऊन गेली.

त्या कागदाचा दुसरा परिणाम म्हणजे स्थळं. आबांनी सहज बोलताना म्हटलं होतं, की एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. पूर्ण कोयता जोडीने होतो. त्यांना कामाच्या वाटणीबद्दल बोलायचं होतं. आत्याने मात्र त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. गुरुवारी रात्री, बर्लिनमधला पहिला गृहपाठ जमा करायच्या घटकेला पोराच्या मोबाइलवर केजच्या एका मुलीचा बायोडाटा येऊन पडला. उंची, रास, गण, नाडी आणि खाली ठळक अक्षरात: परदेशात जाण्यास तयार.

फोनचं तंत्र वेगळंच. व्हिडिओ कॉल लागला की घरातले नऊ चेहरे एकमेकांना ढकलत दोन इंचांच्या चौकटीत घुसतात. फोन आजीच्या हातात गेला की ती सवयीने कानाला लावते. त्यामुळे त्या आठवड्यात पोराने आजीचा उजवा कान जितक्या जवळून पाहिला, तितका तो आजोबांनीही संसारात पाहिला नसेल. प्रश्न ठरलेले आणि क्रमही ठरलेला. तिथं किती वाजलेत? जेवलास का? काय खायलास? थंडी आहे का? आणि सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता, गुरुजींचा: अभ्यास?

जेवणाचा प्रश्न आजीने शेवटपर्यंत लावून धरला. विद्यापीठाच्या खानावळीत उकडलेला बटाटा रोज वेगळ्या नावाने येतो, असं पोरगं म्हणालं होतं. गुरुजींनी धीर द्यायला थोर माणसांची उदाहरणं काढली. आनंदीबाई जोशी 1883 साली बोटीने अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या थंडीत लुगडं नेसून 1886 साली डॉक्टर झाल्या. इरावती कर्वे 1928 मध्ये याच बर्लिनला शिकायला गेल्या. बाबासाहेब आंबेडकर 1913 च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा हाताशी होती ती बडोदा संस्थानची महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती. विद्यापीठाच्या हार्टली हॉल वसतिगृहात ते आठवडाभरच राहिले, कारण तिथलं जेवण त्यांना मानवेना, मग दुसरीकडे राहायला गेले. गुरुजींना यातून कष्टाचा धडा द्यायचा होता. आजीने त्यातलं नेमकं उचललं. “बाबासायबांलाबी तिथलं खानं गोड लागलं न्हाई. मग माझं लेकरू काय खाईल?” या युक्तिवादाला गुरुजींच्या बी. एड. मध्ये उत्तर नव्हतं.

सरकारी कामाचा अनुभव मात्र पोराला घरच्यासारखा आला. तिथं घरात राहायला गेल्यावर चौदा दिवसांत पत्त्याची नोंद करायची असा कायदा आहे आणि नोंद करायला मिळालेली तारीख त्या चौदा दिवसांच्या पलीकडची. पगारासाठी बँक खातं हवं, खात्यासाठी पत्त्याचा दाखला हवा, दाखल्यासाठी घरमालकाची चिठ्ठी हवी आणि घरमालक सुट्टीवर. बरोबरची इतर देशांतली पोरं रडकुंडीला आली होती. आमचं पोरगं शांत. ज्याने जात पडताळणी, नॉन क्रीमीलेअर आणि रहिवासी दाखला हे तिन्ही एकाच उन्हाळ्यात काढले आहेत, त्याला बर्लिनची कचेरी काय घाबरवणार? त्याने प्रत्येक कागदाच्या पाच-पाच झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून बरोबरची पोरं त्याच्याकडे सल्ला मागायला येऊ लागली.

रेल्वेचंही तसंच. 2024 साली जर्मनीत लांब पल्ल्याच्या शंभरातल्या 62 च्या आसपास गाड्या वेळेवर पोचल्या आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तर ते लोक उशीर धरतच नाहीत. जर्मन माणसं यावर फार कष्टी असतात. पोराला त्यांचं दुःख कळेना. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग मंजूर झाला 1995 च्या सुमारास आणि बीडच्या स्टेशनातून पहिली गाडी सुटली 17 सप्टेंबर 2025 ला. ती वेळेवर सुटली म्हणून लोकांनी फुलं उधळली. जिथं गाडीला तीस वर्षं उशीर झाला आणि कुणी दिलगिरीची घोषणाही केली नाही, तिथल्या पोराला वीस मिनिटं फलाटावर उभं राहणं म्हणजे विश्रांती.

पावसाची गंमत तर सांगूनही खरी वाटत नाही. बर्लिनला जाताना सगळ्यांनी छत्री घे, रेनकोट घे असा घोशा लावला होता. बर्लिनचा पाऊस वर्षाला सरासरी 600 मिलिमीटरच्या आत आणि आमच्या दुष्काळी बीडचा साडेसहाशेच्या पुढे. म्हणजे आमच्याकडेच जास्त पडतो. फक्त तिथला पाऊस बाराही महिने हप्त्या-हप्त्याने येतो आणि आमचा, यायचा तर 2025 च्या सप्टेंबरात सिंदफणेला आला तसा सगळा एकदम, नाहीतर तीन-तीन वर्षं तोंड लपवतो. पावसाला महिन्याची मर्यादा घालून देणारं ते खातं आधी आमच्या नद्यांना हवं होतं.

शनिवारी धनत्रयोदशी. इकडे दिवे लागले, तिकडे पोरगं वाचत बसलं. रविवारी उठून पाहतं, तर सगळी दुकानं बंद. त्या देशात रविवारी दुकानं उघडत नाहीत, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं, कारण सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीच अहिल्यानगरच्या पुढे गेलेलं नव्हतं. घरात होती शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ. आजीचा तवा कामाला आला. भाकरी नकाशात न मावणाऱ्या देशाच्या आकाराची झाली, पण झाली. पोराने फोटो पाठवला. आईने तो आठ जणींना दाखवला आणि डोळे पुसले.

त्या रात्री आबांनी फोन मागितला. आठवडाभरात तो त्यांनी स्वतःहून मागितला नव्हता. त्यांनी वेळ विचारली नाही, थंडी विचारली नाही, पगाराचं तर नावच काढलं नाही. विचारलं एवढंच: पाणी कुठलं, किराणा कुठं, आणि चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा, कोण? कारखान्याच्या तळावर नवीन टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात ही तीन ठिकाणं हुडकायची, बाकी सगळं मागून जमतं, हा त्यांचा आयुष्यभराचा दंडक. पोरगं म्हणालं, पाणी नळाचंच पितात. किराणा कोपऱ्यावर आहे आणि रिकामी बाटली तिथल्या यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. चिटबॉय म्हणजे विभागातल्या एक बाई आहेत, सगळी कामं त्यांच्याच सहीने होतात. आबांना बाटलीचं फार आवडलं. आपल्याकडे ज्याने त्याने ती उकिरड्यावर फेकली, कुणी मोल दिलं नाही, असं म्हणाले.

मग हळूच म्हणाले, “पहिल्या आठवड्यात अंग मोडतंय. रडू येतंय. आलं तर रड, पन मायला फोन लावून रडू नगं. दुसऱ्या हप्त्यात हात बसतोय.”

पलीकडून पोराने फक्त ‘व्हय आबा’ म्हटलं. मराठी शाळेत सहा वर्षं घासून शुद्ध केलेली त्याची भाषा बर्लिनमध्ये एका आठवड्यात मूळ पदावर आली.

आठवडाभर गल्लीने जे सल्ले दिले, त्यांत कामाचा निघाला तो एवढाच आणि तो दिला पासपोर्ट नसलेल्या माणसाने. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी हल्ली पुण्या-मुंबईत पैसे घेऊन मार्गदर्शन शिबिरं भरतात. बीड जिल्ह्यातल्या गावोगावी असे मार्गदर्शक पारावर फुकट बसलेले आहेत. त्यांनी अनोळखी मुलखात, परकी बोली ऐकत, डोक्यावर उचल घेऊन वीस-वीस पहिले आठवडे काढलेत. त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांच्या गावांना विमान जात नाही.

तेव्हा तुमच्या गल्लीतलं कुणी यंदा बाहेर निघालं असेल, तर एक विनंती आहे. तिथं किती वाजले हे त्याला विचारू नका. जर्मनीचं असेल तर आपल्या घड्याळातून साडेतीन तास वजा करा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला की मार्च सरेपर्यंत साडेचार. पगाराचा गुणाकार किराणा दुकानात मांडू नका. स्थळ निदान पहिली परीक्षा होईपर्यंत दाबून ठेवा. फोन करा, पण आठवडाभराने करा, आणि हात बसला का, एवढंच विचारा. कर्जाच्या हप्त्याची आठवण तर मुळीच काढू नका. ते काम बँक न चुकता करते.